पुठ्ठ्याची किल्ली

आमच्या फोनला पेटी होती. सागाची, वर झाकण, मागे वायर जाण्यापुरतं भोक आणि पुढे कडी-कोयंडा. बाबांनी ती वसईला आळीतल्या सुताराकडून करून घेतली होती, कारण तेव्हा अख्ख्या आळीत फोन आमच्याकडेच आणि सकाळपासून कोणी ना कोणी चपला काढून आत यायचं. "जरा भावाला लावतो हां." बाबांना तोंडावर नाही म्हणता यायचं नाही, म्हणून त्यांनी पेटी केली. नुसत्या पेटीने कुणाला जरब बसणार नाही, म्हणून तिला वाडीतल्या पंपाच्या खोलीचं जुनं पितळी कुलूप घातलं. त्याची किल्ली माझ्या मधल्या बोटाएवढी लांब होती. फोन करायला आलेला माणूस आधी ते कुलूप बघायचा, मग केळीवरच्या रोगाबद्दल दोन वाक्यं बोलून निघून जायचा.

ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला येताना आईने पाटा-वरवंटा मागे ठेवला आणि बाबांनी पेटी आणली. "फोन असा उघडा टाकायचा नसतो," म्हणाले. आता इथे कोण येणार होतं फोन मागायला? शेजारी शर्ली म्हणून एक एकटी म्हातारी राहायची. तिचा स्वतःचा फोन होता आणि त्यावर बोलायला माणसं नव्हती. समोर मोकळा प्लॉट, पलीकडे लाल माती, आणि त्याच्याही पलीकडे लाल माती. तरी पेटी हॉलमध्ये स्टुलावर बसली आणि कुलूप लागलं. फोन आतल्या आत दबका वाजायचा आणि किल्ली सापडून झाकण उघडेपर्यंत बंद पडायचा. ताईच्या मैत्रिणी विचारायच्या, "तुमच्या फोनने काय गुन्हा केलाय?" ताई हसून सांगायची, "त्याला वसईहून तडीपार केलंय." मी मात्र हसायचो नाही. मला त्या पेटीचा अभिमान होता. आता आठवलं तरी कानशिलं तापतात.

बाबा व्हेंटिलेशन इंजिनियर होते. जमिनीखाली खोल भुयारात माणसं काम करतात त्यांच्यापर्यंत हवा पोचवायची, हे त्यांचं काम. त्यांची खाण गावात नव्हती, गाडीने चार तास आत होती. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. निघायच्या दिवशी ते बूट घालून दारात उभे राहायचे, खिशातून किल्ली काढायचे आणि माझ्या हातावर ठेवायचे. "मनू, मी नसताना घरचा कर्ता तू. आईकडे, ताईकडे लक्ष दे." मी तेव्हा पंधरा-सोळाचा. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, वर्गात पहिली, गाडी शिकत असलेली, आणि ती तिथेच बाबांची पाण्याची बाटली हातात धरून उभी असायची. आईही असायची. तिघांमधल्या सगळ्यात बिनअकलेच्या माणसाला राज्य मिळायचं. आमच्याकडे हे असंच चालायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही, मला तर मुळीच नाही.

मी शेफारलो. दुसरा शब्द नाही. बाबांची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली की मी टेबलाच्या टोकाच्या त्यांच्या खुर्चीत जाऊन बसायचो. संध्याकाळची रोजरी मी सांगायचो, तीही बाबांच्या खर्जात, आणि आईचा 'नमो मारिया' जरा मागे पडला तर डोळे उघडून तिच्याकडे बघायचो. आई दिवसभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालून आलेली असायची, पाय सुजलेले, आणि गुडघ्यावर बसलेली. भुजण्यातला माशाचा मोठा तुकडा माझ्या ताटात. तांदळाची भाकरी पहिली माझी. फोन करायचा असेल तर मला विचारायचं, कुणाला करायचाय ते सांगायचं, आणि बोलून झालं की मी स्वतः कुलूप लावणार. ताई एकदा मैत्रिणीशी गणिताचं बोलत बसली, तर मी तिच्यासमोर हाताची घडी घालून उभा राहिलो. तिने रिसीव्हर ठेवला, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "हुजूर, आता श्वास घेऊ की तोही विचारून घ्यायचा?" आईला हसू आवरलं नाही. मी तीन दिवस किल्लीच दिली नाही. गाढव होतो नुसता.

त्या वर्षी आईला दिवस गेले होते. आई एक्केचाळीस वर्षांची. घरात ही बातमी आम्हाला कुणी सांगितली नाही, ती आईच्या कपड्यांवरून आपोआप कळली. ताईने आईला मिठी मारली, लोकर आणून विणायलाही बसली, त्या चाळीस डिग्रीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेतल्या पोरांना कळलं तर काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात. रविवारी मिस्साला जाताना मी चार पावलं पुढे चालायचो. आईच्या ते लक्षात यायचं. ती मला हाक मारायची नाही, फक्त ताईचा हात धरायची. दुपारी गावाजवळच्या खाणीतला सुरुंग उडायचा, खिडकीच्या काचा थरथरायच्या, कपाटातले कप एकमेकांवर वाजायचे, तेव्हा आई चटकन पोटावर हात ठेवायची आणि आत कुणालातरी सांगायची, "काही नाही रे, बाबांचे दोस्त आहेत." हे मी दारामागून ऐकायचो आणि मला त्याचीसुद्धा लाज वाटायची. लाज कशाची वाटायला हवी होती आणि मला कशाची वाटत होती, बघा.

शाळेत ड्रामा शिकवायला मिस हॅनली होत्या. केसांत पेन्सिल खोचून मग तीच पेन्सिल वर्गभर शोधणाऱ्या. त्यांनी जुन्या ग्रीक शोकांतिकांचा सांगाडा घेऊन स्वतःच एक नाटक लिहिलं होतं. एका शहरात रोगाची साथ येते, म्हणून राजा सगळ्या वेशी बंद करतो. किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवतो आणि फर्मान काढतो की त्याच्या हुकमाशिवाय दार उघडणार नाही. एक आंधळा भविष्यवेत्ता येऊन सांगतो, दार उघड, तुझंच माणूस बाहेर राहिलंय. राजा त्याची टर उडवतो. शेवटी दार उघडतो तर दाराशी त्याचा मुलगा मरून पडलेला. मग राजा सगळ्या नगराच्या देखत जमिनीवर बसतो आणि म्हणतो, "हे मी केलं. देवांनी नाही, शत्रूने नाही. मी." राजा मला मिळाला. आंधळा भविष्यवेत्ता ताईला मिळाला, कारण तिचा आवाज तसा होता, आणि मिस हॅनलींना भाऊ-बहिणीला समोरासमोर उभं करायची गंमत वाटली असणार.

पाठांतर स्वयंपाकघरात चालायचं. आई भाकऱ्या थापायची, मी ओट्यासमोर येरझाऱ्या घालत इंग्रजीत गर्जायचो, आणि ताई भिंतीला टेकून डोळे मिटून शांतपणे तिची वाक्यं म्हणायची. आईला त्यातलं अर्धंच कळायचं. एकदा मी घसा फुटेस्तोवर ओरडलो तेव्हा ती तवा उतरवून म्हणाली, "एवढा ओरडतो तो राजा, त्याला भीती वाटत असेल रे कसलीतरी."

"आई, तुला नाही कळणार. तो पॉवरफुल असतो."

"असेल बाबा." तिने भाकरी उलटली. "पण ज्याला भीती नसते तो कशाला ओरडेल?"

दुसऱ्याच दिवशी तालमीत मिस हॅनली मला म्हणाल्या, "मॅनी, तो दुष्ट नाहीये. तो घाबरलेला आहे. चूक त्याला कळते, फक्त उशिरा कळते." आईनेही हेच सांगितलंय, असं काही मी त्यांना बोललो नाही. मला ते सुचलंसुद्धा नाही.

राजाच्या गळ्यातली किल्ली क्राफ्टच्या वर्गाने केली होती. पुठ्ठ्याची, सोनेरी रंगाची, हातभर लांब. मला ती आवडली नाही. हातात घेतली की वाकायची. मग एका तालमीला मी घरची किल्ली काथ्याच्या दोरीत ओवून गळ्यात घालून गेलो. पितळेची, जड, दांड्यावर आजोबांच्या हाताने झिजलेली. मिस हॅनली खूश झाल्या. "हे कुठून आणलंस? याला वजन आहे!" तेव्हापासून मी ती काढलीच नाही. झोपतानाही गळ्यात असायची. मला खरोखर राजा झाल्यासारखं वाटायचं, आणि फोन पाहिजे असेल त्याने माझ्यासमोर येऊन उभं राहायचं, ही त्यातली मजा वेगळी.

प्रयोग दोन होते, शनिवारी आर्व्होला, म्हणजे दुपारी, आणि रविवारी आर्व्होला. आठवडाभर आधी आईने विचारलं, "मी येऊ ना बघायला? निळी साडी नेसते."

मी बुटाची नाडी बांधत होतो. मान वर केली नाही. "तू नको येऊस. सगळी शाळा असणार तिथे. अशा अवस्थेत कशाला?"

ती म्हणाली, "बरं. तसंही बाकावर बसवत नाही मला." आणि निळी साडी पुन्हा कपाटात ठेवली. नुसती ठेवली नाही, आधी इस्त्री केली आणि मग ठेवली, हे मला ताईने सांगितलं. पुष्कळ वर्षांनी, आणि सांगताना माझ्याकडे न बघता.

शनिवारी सकाळी आई उठली तीच कमरेवर हात ठेवून. पोळीचं पीठ मळायला बसली आणि अर्ध्यावर थांबली. ताईने तिला खुर्चीत बसवलं, कपाळाला हात लावला. "आई, डॉक्टरना फोन करूया?" "अगं नाही गं, कंबर धरलीये. पडते जरा. तुम्ही जा." मी दारात केस विंचरत उभा होतो, गळ्यात किल्ली. ताई माझ्याकडे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मनू, किल्ली ठेवून जा."

"शोला लागते."

"पुठ्ठ्याची आहे ना शाळेत. ती वापर."

"ती खोटी दिसते."

"अरे आई घरी एकटी आहे!"

"मग? पाच वाजेपर्यंत येतोच आहे मी. तेवढ्यात काय होतंय?" आणि मग, हे मला लिहितानाही जड जातंय, मी पुढे म्हणालो, "आणि नीट विचार. दर वेळी हुकूम कसला सोडतेस? घरचा कर्ता कोण आहे?"

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. तरी ती म्हणाली, "बरं. प्लीज. हात जोडते. दे." म्हणजे तिने विचारलंही, नीट. मला हवं होतं ते मिळालं होतं, आता किल्ली देऊन टाकायला हवी होती. पण आई खुर्चीतून बघत होती, आणि आईसमोर आपण माघार घेतली असं दिसेल असं मला वाटलं. एवढंच कारण. ह्याच्यापेक्षा मोठं कारण मी आयुष्यभर शोधलं, सापडलं नाही. आई म्हणाली, "जाऊ दे गं रोझा, भांडू नका आजच्या दिवशी. मला काही होत नाही." आम्ही निघालो.

शाळेचा हॉल गच्च भरला होता. कूलर चालू असूनही हवा तापलेली, आणि मला कपाळापासून टाचेपर्यंत जोर चढलेला. पडदा उघडायच्या आधी ताईने ऑफिसमधल्या फोनवरून घरी लावून बघितलं. तोंडाला पांढरा रंग फासलेला, डोळ्यांवर पट्टी वर सरकवलेली, अशी ती विंगेत माझ्याजवळ आली. "वाजतोय, कुणी उचलत नाही." मी म्हणालो, "कसा उचलणार? कुलूप आहे." हे मी बोललो. अगदी सरळ, जणू तिलाच साधी गोष्ट कळत नव्हती. मग पहिला प्रवेश झाला, दुसरा झाला, ताईने पट्टीआडचे डोळे माझ्यावर रोखून सांगितलं की दार उघड, तुझंच माणूस बाहेर आहे, आणि मी मिस हॅनलींनी शिकवल्याप्रमाणे किल्ली मुठीत धरून हसलो. ताईचं काम तिथे संपत होतं. विंगेत गेल्यावर ती कपडे न बदलता, झगा गुडघ्यापर्यंत खोचून, कुणाचीतरी सायकल घेऊन घराकडे निघाली. मला ते दिसलं. मला वाटलं, नाटकी आहे नुसती.

शेवटी मी जमिनीवर बसलो आणि रडलो. खरं पाणी आलं डोळ्यांतून. "हे मी केलं." पहिल्या रांगेतल्या एका बाईने पर्समधून रुमाल काढला. टाळ्या थांबेनात. मी तीनदा वाकलो. विंगेत आलो तर मिस हॅनली उभ्या होत्या. मला वाटलं शाबासकी देतायत, म्हणून मी हसत पुढे गेलो. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाल्या, "मॅनी, तुझी आई हॉस्पिटलमध्ये आहे. मी तुला सोडते."

काय झालं ते तुकड्या-तुकड्याने कळलं. आम्ही गेल्यावर थोड्या वेळात आईला रक्तस्राव सुरू झाला. ती पेटीपर्यंत गेली. कुलूप हाताने ओढलं. मग खलबत्त्याचा लोखंडी बत्ता आणून झाकणावर मारत राहिली, पण साग तो, आमच्या वसईच्या सुताराने जीव ओतून केलेला. मारता मारता आत फोन वाजायला लागला. तो ताईचा फोन. आई पेटीवर हात ठेवून बसली आणि तो वाजून वाजून थांबला. मग ती अंगणातून शर्लीकडे जायला निघाली. शर्ली घरी नव्हती. कुंपणाशी, उन्हात, आई पडली. शर्ली बाजारातून परत आली तेव्हा तिला दिसली. ॲम्ब्युलन्स निघता निघता ताईची सायकल पोचली. मूल गेलं. मुलगा होता. डॉक्टरीण नंतर बाबांना म्हणाली की लवकर आणलं असतं तर कदाचित, आणि कदाचित तरीही नाही. त्या 'कदाचित'वर मी इतकी वर्षं एकदा ह्या बाजूला, एकदा त्या बाजूला झोपतो.

बाबा रात्रीपर्यंत पोचले, लाल धुळीने माखलेले. रविवारी सकाळी आम्ही सगळे तिच्या खाटेभोवती होतो. बाबा आधी घरी जाऊन आले होते, पेटीवरचे घाव त्यांनी बघितले होते. ते खाटेच्या कडेला बसले, आईचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "पण किल्ली? किल्ली कुठे होती?"

आई बाबांकडे नाही, माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. शांतपणे, थकून, बघत राहिली. सलाइनच्या नळीत थेंब पडताना दिसत होते. किल्ली तेव्हाही माझ्या शर्टाच्या आत, छातीवर होती. ताई खिडकीशी उभी होती, तिनेही मान वळवली. मी जमिनीकडे बघितलं. जीभ टाळ्याला चिकटली म्हणतात तसं काही झालं नव्हतं. जीभ चांगली चालत होती. मी बोललो नाही, एवढंच.

"माझ्याकडेच होती," आई म्हणाली. "सकाळी मनूकडून मागून घेतली मी. कुठे ठेवली ते आठवेना."

बाबांनी तिचा हात सोडला. "एक किल्ली नीट ठेवता येत नाही तुला?" ते म्हणाले, आणि लगेच उठून बाहेर गेले, कारण ते रडत होते.

त्या दुपारी दुसरा प्रयोग होता. मिस हॅनलींनी निरोप पाठवला की रद्द करू, पण बाबा म्हणाले, दिलेला शब्द मोडायचा नाही, जा. ताई गेली नाही. तिची वाक्यं एका मुलीने कागदावर बघून वाचली. मी गेलो. मी गेलो आणि मी राजा केला, गळ्यात पुठ्ठ्याची किल्ली घालून. शेवटच्या प्रवेशात जमिनीवर बसलो तेव्हा बघितलं, मागच्या दाराशी बाबा उभे होते, खाणीचे बूट तसेच पायात. मला वाटतं, हॉस्पिटलात बसवेना म्हणून आले असतील. मी त्यांच्याकडे बघत म्हणालो, "हे मी केलं. देवांनी नाही, शत्रूने नाही. मी." इंग्रजीत, मोठ्याने, चारशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये. बाबा टाळ्या वाजवत होते. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "खरं वाटलं रे," म्हणाले. "अगदी खरं वाटलं." त्या वर्षीचं ड्रामाचं बक्षीस मला मिळालं.

ग्रीक शोकांतिकेवर पुढे मी कॉलेजात निबंध लिहिले. गर्वाचं फळ, माणसाचा अंधपणा, सगळं व्यवस्थित लिहिलं आणि चांगले मार्कही पडले. पण जे मला खरं कळलं ते कुठल्याच निबंधात घालता आलं नाही. तो राजा निदान लोकांसमोर बसला तरी. त्याला उशीर झाला, पण तो बोलला. माझी खुर्ची तशीच राहिली, भुजण्यातला मोठा तुकडा तसाच माझ्या ताटात पडत राहिला, आणि माझ्या जागी आईला खाली उतरवलं गेलं.

किल्ली आठवड्याने सोफ्याच्या गादीखाली सापडल्याचं मी सोंग केलं. बाबांनी ती माझ्या हातातून घेतली, पेटीचं कुलूप काढलं आणि पेटी गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. "भुयारात आम्ही फोनला कधी कुलूप लावत नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "तिथे कुणी लावलं तर मी त्याला कामावरून काढीन." मी तिथेच उभा होतो. आता बोल, आता बोल, असं होत होतं. बाबांनी गॅरेजचं दार ओढून घेतलं आणि आम्ही जेवायला आत गेलो. त्यानंतर घरात काहीही हरवलं, चष्मा, बिल, कात्री, की बाबा म्हणायचे, "हिला विचारू नका, हिने किल्ली हरवली होती." आधी रागाने म्हणायचे, मग सवयीने, आणि म्हातारपणी तर हसत हसत, पाहुण्यांसमोर. आई पण हसायची.

आणि ताई. तिने कुणाला काही सांगितलं नाही. आईने सांगितलेलं खोटं तिने मोडलं नाही. फक्त त्या दिवसापासून ती माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागली. आईशी मराठी, बाबांशी मराठी, वसईहून फोन आला तर आमची घरची बोली, आणि माझ्याशी इंग्रजी. आधी मला वाटलं, चार दिवस रागावेल. दोन महिन्यांनी ती ॲडलेडला युनिला, म्हणजे युनिव्हर्सिटीत, गेली, तिथेच राहिली, शिकवायला लागली. मी डार्विनला आलो, गॅसच्या कंपनीत नोकरी धरली. आमचं सगळं नीट आहे. वाढदिवसाला फोन येतो. "हॅपी बर्थडे, मॅनी. यू कीपिंग वेल?" मनू म्हणणारी माझी बहीण मी सोळाव्या वर्षी घालवली.

बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. आई आता ताईकडे, ॲडलेडमधल्याच मॉसन लेक्सला असते. आसपास शिकायला आलेली आपली पोरं पुष्कळ, त्यांना बोलावून सुकट नि भात खाऊ घालते. मागच्या महिन्यात मी विमान पकडून गेलो, मनाशी ठरवूनच. ही पानं लिहायला घेतली होती आणि ह्या जागी येऊन हात थांबला होता. आधी तिला सांगायचं, मग लिहायचं. आई जेवणाच्या टेबलापाशी वाटाणे सोलत बसली होती, ताई आत ओट्यापाशी. मी समोर बसलो आणि म्हणालो, "आई, त्या दिवशी किल्ली माझ्याकडे होती. तू बाबांना उगाच..."

"मला ठाऊक नाही होय?" आई म्हणाली. हात थांबले नाहीत. "तुझ्या शर्टातून दोरी दिसत होती."

"मग तू..."

"मी आधी तुझ्याकडे बघितलं की नाही? चांगला वेळ बघितलं. म्हटलं, बाबा विचारतायत, आता बोलेल. पोर आहे, घाबरलंय, पण बोलेल." तिने शेंगेतले दाणे वाटीत पाडले. "तू खाली बघितलंस. तेव्हा मग मी बोलले. नंतरही वाटायचं, घरी गेल्यावर सांगेल. ताई युनिला निघाली तेव्हा वाटलं, तुझं लग्न झालं तेव्हा वाटलं. मग सोडून दिलं."

मला रडू फुटलं. पन्नाशी उलटलेला माणूस, टेबलावर डोकं ठेवून. आईने माझ्या केसांवर ओला हात ठेवला, वाटाण्याच्या वासाचा.

"आता मला कशाला सांगतोस, मनू? मला कळलेलंच होतं. ज्यांना सांगायचं ते गेले." ती म्हणाली, "जायच्या आधी दोन दिवस मला जवळ बोलावलं त्यांनी. म्हणाले, मी नसताना घराची किल्ली जपून ठेव हां, तू विसरतेस. मी म्हटलं, हो, ठेवीन."

आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला. ताई दारात येऊन उभी राहिली, हात पुसत. तिने सगळं ऐकलं होतं. मी मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि वाट बघितली.

"लंच इज रेडी, मॅनी," ती म्हणाली.

मी वाटाण्याची सालं गोळा केली आणि जेवायला उठलो.